पोरगं बेसबॉलला तयार आहे का? बॅटकडे नाही, ग्लव्हकडे बघा : टी-बॉलवाल्या मराठी आईबाबांना खुलं पत्र

अमेरिकेत पोरांना टी-बॉलला (म्हणजे उभ्या दांड्यावर, टीवर, ठेवलेला बॉल मारायचा तो लहानग्यांचा बेसबॉल) घातलेल्या सगळ्या मराठी आईबाबांनो,

सप्रेम नमस्कार. थंडीत स्प्रिंग सीझनचं रजिस्ट्रेशन सुरू झालं की आमच्यासारख्या व्हॉलंटियर कोचेसचे फोन वाजायला लागतात आणि विषय बहुतेक वेळा एकच, की अहो आमच्याला या वर्षी टी-बॉल नको, डायरेक्ट वरच्या डिव्हिजनला टाका, लीगच्या बोर्डावर कुणाशी ओळख असेल तर बघा ना, तो टीवरचा बॉल कसला लांब मारतो तुम्ही बघितलंय ना. बघितलंय. खरंच लांब मारतो. पण त्याचा बेसबॉलला तयार असण्याशी फार कमी संबंध आहे, आणि हे फोनवर दोन मिनिटांत पटवता येत नाही, समोरच्याला वाटतं ही आपल्या पोराला कमी लेखतेय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

माझं म्हणणं एवढंच, की पोरगं वर जायला तयार आहे का हे बॅटकडे बघून ठरवू नका, ग्लव्हकडे बघून ठरवा.

टीवर बॉल गप उभा असतो. पोराला हवा तेवढा वेळ असतो, कोच पाय नीट ठेवून देतो, टीची उंची कमी-जास्त करून देतो, आणि मग ते धाडकन मारतं. यात स्विंग शिकायला मिळतो आणि तो महत्त्वाचाच आहे, मेजर लीगमधले मिलियन्समध्ये कमावणारे बॅटर्ससुद्धा टीवर बॉल मारून प्रॅक्टिस करतात, त्यामुळे टी म्हणजे बाळांचं खेळणं असं समजून नाकं मुरडू नका. (प्रेसिडेंट बुश यांनी २००१ साली व्हाइट हाउसच्या लॉनवर टी-बॉलच्या मॅचेस सुरू केल्या होत्या, म्हणजे अगदीच टाकाऊ प्रकार नाहीये हो.) पण बाकीचा जो खेळ आहे, म्हणजे बॉल मारल्यानंतर जे होतं ते, टी-बॉलमध्ये जवळपास नसतोच. बॉल जरासा गडगडत गेला की आठ पोरं त्याच्यावर उडी घेतात, नववं मातीत चित्र काढत असतं, बॉल कुणाच्या तरी हातात येतो आणि ते पोर तो घेऊन स्वतःच फर्स्ट बेसकडे (बॅटर मारून आधी जिथे पळतो तिकडे) पळत सुटतं. कोणी कोणाकडे टाकत नाही, टाकलाच तर समोरचं पकडत नाही, आणि पाच वर्षांच्या वयाला हे बरोबरच आहे, कुणी त्यावरून ओरडू नये.

वरच्या डिव्हिजनला मात्र बॉल टाकला जातो. पिच होऊन, म्हणजे बॅटरला मारायला टाकला जाऊन, येतो तो वेगळा, त्याच्याबद्दल नंतर, पण त्याहून जास्त वेळा तो एका पोराकडून दुसऱ्या पोराकडे जोरात टाकला जातो. शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे, उभ्या असलेल्या मोठ्या आठ वर्षांच्या पोराने बॉल उचलून फर्स्ट बेसला फेकला आणि तिथे तुमचं सहा वर्षांचं पोर उभं असेल तर काय होतं ते मी बऱ्याचदा बघितलंय. ते ग्लव्ह पुढे करतं, पण तळवा वर करून, प्रसाद घ्यायला हात पुढे करतो ना तसा. बॉल छातीच्या उंचीवर येतोय, ग्लव्ह पोटाशी आडवा, मग बॉल ग्लव्हच्या टाचेला लागून उसळतो आणि थेट हनुवटीवर, नाहीतर ओठावर. त्याच क्षणी डोळे मिटलेले असतात आणि मान एका बाजूला वळलेली असते, त्यामुळे कुठे लागणार हे त्यालाही कळत नाही. एकदा तोंडावर बसला की त्यानंतरचा सगळा सीझन ते पोर बॉल आला की बाजूला होतं, आणि ही भीती काढायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात अजून एक टी-बॉलचा सीझन आरामात झाला असता.

म्हणून घरीच बघून घ्या, कोच कशाला पाहिजे. मऊ बॉल घ्या, टेनिसचा चालेल, पंधरा-वीस फुटांवर उभे राहा आणि छातीच्या उंचीवर सरळ टाका, लाडालाडाने वर उडवून नाही. बॉल कमरेच्या वर आला तर बोटं आकाशाकडे आणि खाली आला तर बोटं जमिनीकडे, हे ग्लव्हमधलं हात फिरवणं ज्या पोराला आपोआप जमतं, न सांगता, विचार न करता, ते तयारीला लागलंय असं समजा. दहातले दहा पकडायलाच पाहिजेत असं नाही, सुटू देत, पण सुटताना डोळे बॉलवर होते का ते बघा. सुटलेला बॉल चालेल, मिटलेले डोळे नाही चालणार. मग जमिनीवरून गडगडत टाका, पोर बॉलच्या समोर येऊन खाली वाकतं का, का कडेला उभं राहून हात लांब करतं, तेही कळेल. आणि थोडं थ्रो करून घ्या, तुमच्या छातीकडे येतो का शेजारच्यांच्या गाडीकडे जातो.

काही बाबा लोक म्हणतात की अहो मऊ बॉलनेच खेळतात ना, लागलं तर काय. टी-बॉलमध्ये मऊ, खरंय. तिथले बॉल मुद्दाम कमी इम्पॅक्टचे बनवलेले असतात. पण पुढे कधीतरी जो खरा बेसबॉल हातात येतो तो ५ ते ५¼ औंसांचा, म्हणजे साधारण १४२ ते १४९ ग्रॅम, आत कॉर्क-रबर, वर घट्ट गुंडाळलेली लोकर आणि त्यावर चामडं. आपल्या सीझन बॉलपेक्षा थोडासाच हलका. ज्यांनी कॉलेजमध्ये सीझन बॉल बोटावर घेतलाय त्यांना जास्त सांगायला नको. चांगल्या लीग मधल्या वयाला मधल्या कडकपणाचे बॉल वापरतात, तुमच्या लीगमध्ये कुठल्या डिव्हिजनला कुठला बॉल आहे हे फॉर्म भरायच्या आधी विचारा, कुणी वेडं समजणार नाही, उलट बोर्डाला बरं वाटतं की कोणीतरी विचारतंय. आणि मऊ बॉलने धोका कमी होतो, संपत नाही, हेही लक्षात ठेवा.

ग्लव्हनंतर दुसरी गोष्ट म्हणजे डोकं कुठे आहे. नियम सगळे पाठ असायला हवेत असं अजिबात नाही, इनफिल्ड फ्लायचा नियम तर अर्ध्या कोचेसना नीट सांगता येत नाही. पण बॉल मारल्यावर फर्स्टकडे पळायचं, बॉल आपल्याकडे आला तर कुठे टाकायचा हे निदान बॉल यायच्या आधी डोक्यात असायचं, आणि बॅटर उभा असताना आपण पाठ करून उभं राहायचं नाही, एवढं तरी हवं. सोपी परीक्षा सांगते, मॅच चालू असताना मधेच विचारा की आत्ता बॉल तुझ्याकडे आला तर कुठे टाकशील. "फर्स्टला" असं उत्तर आलं तर छान. "स्नॅक कधी मिळणार" असं आलं तर अजून एक सीझन टीवर मजा करू द्या, काही बिघडत नाही. काही पोरं पाच वर्षांची असताना असं उत्तर देतात आणि काही आठव्या वर्षीही डँडेलियन तोडत असतात, दोन्ही हुशारच असतात, ते इथून नाही मोजायचं.

आता बॅटिंग. टीवर लांब मारणाऱ्या पोराला पहिल्यांदा हलता बॉल टाकला की त्याचं जे तोंड होतं ना, बिचारं. ताशी ३० मैलांनी येणारा बॉल एका सेकंदात ४४ फूट जातो, म्हणजे ३५ फुटांवरून कोचने टाकलेला बॉल पाऊण सेकंदाच्या जरा वर वेळात प्लेटवर, म्हणजे बॅटरसमोर. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि बॅट फिरवायची. लहान पोरांच्या डोळ्यांना हलत्या वस्तूचा वेग आणि अंतर जोखायला मुळात वेळ लागतो, ही कौशल्यं वयानुसार हळूहळू पक्की होतात, ओरडून "बॉल बघ, बॉल बघ" केल्याने उद्या सकाळी येत नाहीत. सवय मात्र लावता येते. पण त्यात एक गंमत आहे. आपल्याला वाटतं हळू उडवून टाकला की सोपं जाईल, तर उलट असतं, वर जाऊन खाली पडणारा बॉल पोरांना मारायला अवघड जातो, कारण तो त्यांच्या नजरेच्या वरून येतो आणि बॅटच्या रेषेतून क्षणभरच जातो. एक गुडघा टेकून बसा, किंवा उलट्या बादलीवर, म्हणजे तुमचा हात पोराच्या खांद्याच्या उंचीवर येईल, आणि जवळून डार्ट मारल्यासारखा सरळ टाका. प्लास्टिकचा भोकांचा बॉल घ्या, म्हणजे तुमच्या नाकाला पण बरं.

आणि बाबा लोकांनो, हात जोडून सांगते, स्ट्रेट बॅट शिकवू नका. कव्हर ड्राइव्ह तुमचा भारी असेल, इथे स्विंग आडवा आहे, कंबर वळते, मागच्या पायावर टाच उचलून फिरायचं असतं. मारून झालं की बॅट खाली टाकून पळायचं असतं, आपली पोरं बॅट घेऊन पळतात आणि प्रत्येक टीममध्ये असं एक तरी देशी पोर असतं, कोच लगेच ओळखतो की घरी क्रिकेट आहे. आणि टाकायची म्हणजे खाली सोडायची, मागे भिरकावायची नाही, तिथे कॅचर बसलेला असतो.

वयाचा गोंधळ पण जरा सोडवूया. लिटल लीग या पोरांच्या बेसबॉलच्या संस्थेत टी-बॉल साधारण ४ ते ७ वयाला, कोच पिच (कोच बॉल टाकतो) आणि किड पिचची (पोरंच टाकतात) वयं त्यातच पुढेमागे मिसळलेली, शिवाय वय मोजायचं ते ३१ ऑगस्टला किती होतं त्यावरून. म्हणजे १ सप्टेंबरला जन्मलेलं पोर आदल्या दिवशी जन्मलेल्या पोरापेक्षा अख्ख्या एका वर्षाने लहान धरलं जातं. पोनी लीग या दुसऱ्या संस्थेत तर डिव्हिजन्सना घोड्यांची नावं आहेत, शेटलंड ५-६ ला, पिंटो ७-८ ला, मस्टँग ९-१० ला, आपल्या आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर "नातू पिंटोत गेला" हे समजावताना मजा येते. पण हे सगळे आकडे म्हणजे दार कधी उघडतं ते सांगतात, पोराने आत जायलाच पाहिजे असं सांगत नाहीत. सात पूर्ण झालेत म्हणून काही ते मागे पडलेलं नाही, आणि शेजारच्यांचा गेला म्हणून तर अजिबातच नाही.

याच्या उलटे पण आईबाबा आहेत, त्यांना पण दोन शब्द. पोर स्वच्छ पकडतंय, थ्रो सरळ येतोय, टी-बॉलमध्ये इतका जोरात मारतंय की समोर उभ्या पाच वर्षांच्या पिल्लाला धोका आहे, आणि तरी तुम्ही त्याला खालीच ठेवता कारण तिथे तो स्टार आहे, नाहीतर त्याचे मित्र तिथे आहेत, नाहीतर कारपूल जमतंय. असं नका करू. कंटाळलेलं पोर डगआउटमध्ये दंगा करतं, मग तेच पोर "शिस्त नाही" म्हणून बोलणी खातं. आणि जोरात मारणाऱ्या पोरासमोर चार वर्षांचं पोर पिचरच्या जागी उभं करणं हे कोच म्हणून माझ्या पोटात गोळा आणणारं काम आहे.

मधल्या पायऱ्या असतात, त्यांचा उपयोग करून घ्या. टी-बॉलवरून सरळ किड पिच असं कुठल्याच शहाण्या लीगमध्ये नसतं, मध्ये कोच पिच किंवा मशीन पिच असतं, आणि कित्येक ठिकाणी कोचचे ठराविक बॉल हुकले की टी परत आणून ठेवतात, म्हणजे पोर रडत डगआउटमध्ये जात नाही, मारून बेसवर जातं. तुमच्या लीगमध्ये ही सोय नसेल तर बोर्डाच्या मीटिंगला जाऊन मागा, तिथे जागा रिकाम्या असतात, आपल्यापैकी कोणी येत नाही. अजून एक म्हणजे फॉल बॉल, म्हणजे फॉलमधला सीझन. स्प्रिंगपेक्षा निवांत असतं, बहुतेक ठिकाणी स्टँडिंग्जचं फारसं कोणी बघत नाही, वरच्या डिव्हिजनची चव घ्यायला ही वेळ सगळ्यात चांगली, नाही जमलं तर स्प्रिंगला परत खाली येता येतं आणि कोणाला कळतही नाही.

खरी मोठी उडी टी-बॉल ते कोच पिच नाहीच, ती कोच पिच ते किड पिच आहे, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. कोच बॅटच्या समोर बॉल आणून देतो, आठ वर्षांचा पिचर कुठेही टाकतो. वॉकवर वॉक (चार बॉल बाहेर गेले की बॅटर न मारताच फर्स्टला), एक इनिंग संपता संपत नाही, खुर्चीवर बसून पाठ आखडते. त्यात पिचर दमतो, म्हणून लिटल लीगने २००७ पासून पिच काउंट, म्हणजे पिचरने किती बॉल टाकायचे याची मर्यादा, लावलाय, ७-८ वयाला दिवसाला ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५, आणि किती टाकले त्यावर किती दिवस विश्रांती ते ठरतं. तुमच्या पोराचा हात चांगला असेल तर दुसरा कोणीतरी कोच "अजून एकच इनिंग" म्हणणार, तेव्हा हा आकडा तुम्हालाच पाठ असायला हवा. आणि या पातळीला बॉल अंगावर लागणारच कधीतरी, त्यासाठी वळायला शिकवून ठेवा. पिचरकडे छाती करून मागे झुकायचं नाही, उलट बाजूला वळून पाठ द्यायची, हनुवटी खांद्यात, बॅट खाली. टेनिस बॉलने अंगणात दहा वेळा केलं की पोरांना तो खेळच वाटतो, हसत हसत बॉल पाठीवर घेतात, आणि मॅचमध्ये अंगाला ते आपोआप आठवतं.

सामानाबद्दल एकच महत्त्वाचं. २६ इंच किंवा त्यापेक्षा लहान टी-बॉलची बॅट असते ना, तिच्यावर लिहिलेलं असतं की ही फक्त मान्यताप्राप्त टी-बॉलसाठी आहे. ते उगाच लिहिलेलं नाही. वर गेल्यावर कडक बॉलला तीच बॅट वापरली की पोचे पडतात, आणि अंपायर बॅट बाहेर काढायला लावतो, मग पोराचा मूड गेला. नवीन घ्याल तेव्हा यूएसए बॅटचा शिक्का बघा, २०१८ पासून लिटल लीग, पोनी यांसारख्या लीगमध्ये तो लागतो. आणि ग्लव्ह वाढत्या अंगाचा घेऊ नका, प्लीज. स्वेटर मोठा चालतो, दुमडता येतो, ग्लव्ह मोठा घेतला तर पोराला तो मिटताच येत नाही आणि मग आपण म्हणतो याला कॅच येत नाही. सात-आठच्या पोराला साडेदहा-अकरा इंच पुष्कळ झाला, तोही कडक असेल तर रोज हाताने उघडमीट करून मऊ करून द्या.

मुलींचं राहिलंच. सहा-सात वर्षांची झाली की सगळे गृहीत धरतात ही आता सॉफ्टबॉलला जाणार. जाऊ दे ना, सॉफ्टबॉल जबरदस्त खेळ आहे, पण तिला विचारलंय का? लिटल लीगचं दार मुलींना १९७४ पासून उघडं आहे, तेही कोर्टात भांडून उघडलेलं, आणि २०१४ मध्ये मोने डेव्हिस नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीने लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये समोरच्या टीमला एकही रन करू न देता मॅच जिंकून दिली होती. तिला कोच पिचच्या बेसबॉलला जायचं असेल तर वर सांगितलेलीच परीक्षा, तीच ग्लव्हची, वेगळं काही नाही. शारीरिक किंवा बौद्धिक अडचण असलेल्या पोरांसाठी लिटल लीगची चॅलेंजर डिव्हिजन १९८९ पासून आहे, आपल्याकडे बऱ्याच आईबाबांना ती माहीतच नसते आणि विचारायला संकोच वाटतो, तर संकोच करू नका.

बाकी असेसमेंटच्या दिवशी, म्हणजे आम्ही पोरांचा खेळ जोखतो त्या दिवशी, कॅचरच्या मागच्या बॅकस्टॉपच्या जाळीला चिकटून मराठीत सूचना देणं बंद करा, पोर कोचकडे बघू का तुमच्याकडे या गोंधळात बॉल सोडतं, आणि आम्हाला तो त्याचा दोष म्हणून लिहावा लागतो. त्याऐवजी रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्ये खाली कमेंट्सचा एक रकाना असतो, तिथे आपण सगळे "प्लीज अमुकच्या टीममध्ये टाका" एवढंच लिहितो. तिथे खरं लिहा, की चेंडू तोंडासमोर आला की घाबरतो, किंवा थ्रो चांगला आहे पण पंधरा मिनिटांवर लक्ष टिकत नाही, किंवा गेल्या वर्षी नाकाला लागलं होतं. मी ते वाचते, बाकीचे कोचही वाचतात, आणि पहिल्या प्रॅक्टिसला त्याला फर्स्ट बेसऐवजी लांब राइट फिल्डला उभं करायचं का, मऊ बॉल वेगळा ठेवायचा का, हे त्यावरूनच ठरतं.

तुमचीच,
एक टी-बॉल कोच (आणि दोन पोरांची आई)